‘जपानी भाषेचे ज्ञान असल्यास’ : जपान अभ्यास केंद्राच्या निवड समितीस खुले पत्र

प्रति,
नियोजित जपान अभ्यास केंद्राच्या संचालक निवड समितीचे सन्माननीय सदस्य,
नागपूर

सन्माननीय सदस्यहो,

स.न.वि.वि.

आपल्या विद्यापीठात सुरू होऊ घातलेल्या जपान अभ्यास केंद्राच्या संचालकपदासाठी पात्रतेचा जो मसुदा तयार झाला आहे, तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला वाचायला पाठवला. त्यात पीएच.डी. आवश्यक आहे, दहा वर्षांचा अध्यापनाचा अनुभव आवश्यक आहे, प्रशासकीय अनुभव आवश्यक आहे, आणि या सगळ्याच्या खाली, वेतनश्रेणीच्या अगदी वर, एक ओळ आहे : ‘जपानी भाषेचे ज्ञान असल्यास प्राधान्य.’ हे पत्र त्या एका ओळीबद्दल, आणि खरे सांगायचे तर तिच्यातल्या ‘असल्यास’ या एका शब्दाबद्दल आहे. संस्कृत विभागाचा प्रमुख नेमताना ‘संस्कृत येत असल्यास उत्तम’ असे कोणी लिहिले, तर दुसऱ्या दिवशी साऱ्या शहरात हसे होईल. जपानीच्या बाबतीत कोणी हसत नाही, कारण जपान अभ्यास केंद्र म्हणजे करारांवर सह्या करणारे, पाहुण्यांचे स्वागत करणारे आणि भाषेचे वर्ग चालवून घेणारे कार्यालय, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे.

मी मूळची नागपूरची. शाळा धरमपेठेत, पदवी येथेच. १९८० च्या दशकात जपानी शिकण्यासाठी पुण्याला गेले, कारण त्या काळी मला ती सोय घराजवळ सापडली नाही. पुढे दोन वर्षे ओसाकात राहिले आणि परतल्यावर दुसऱ्या राज्यातील एका विद्यापीठात शिकवले. निवृत्तीपूर्वीची सात वर्षे तेथील जपान अभ्यास केंद्राची संचालक होते. आता मी कोणत्याही पदासाठी इच्छुक नाही आणि माझा कोणी उमेदवारही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे सारे त्या संशयाशिवाय वाचले जाईल.

पदभार घेतला त्या आठवड्यात मी केंद्राची पुस्तकांची कपाटे उघडली. जपानहून भेट आलेली चारेकशे पुस्तके होती, आणि नोंदवहीत त्यांतील बहुतेकांसमोर ‘जपानी ग्रंथ’ एवढेच लिहून पुढे क्रमांक घातला होता. उभ्या ओळींत छापलेले जपानी पुस्तक उजवीकडून उघडते, म्हणजे आपण ज्याला मलपृष्ठ समजतो ते त्याचे मुखपृष्ठ असते. नोंद करणाऱ्याला हे कोणी सांगितले नव्हते. त्याने आपल्या सवयीप्रमाणे डावीकडून पुस्तक उघडले आणि विद्यापीठाचा गोल शिक्का ‘पहिल्या’ पानावर, म्हणजे प्रत्यक्षात शेवटच्या पानावर, ठळक उमटवला. जपानी पुस्तकात शेवटच्या पानाला मोठे महत्त्व असते. त्याला ‘ओकुझुके’ म्हणतात, आणि लेखक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष हा सारा तपशील तेथेच असतो. नेमका त्याच्यावरच शिक्का.

त्या कपाटात युद्धोत्तर जपानच्या अर्थव्यवस्थेवरचे एक जाडजूड पुस्तक होते. नोंदवहीत त्याचे प्रकाशनवर्ष १९५८ असे होते. शिक्क्याच्या निळ्या शाईखाली नीट पाहिले तेव्हा दिसले की मूळ पानावर शोवा ५८ असे छापले आहे. जपानी वर्षगणना सम्राटाच्या कारकिर्दीवरून चालते. शोवा वर्षात १९२५ मिळवले की इसवी सन मिळतो, जसे शके १८१० मध्ये ७८ मिळवून आपण १८८८ काढतो. म्हणजे पुस्तक १९८३ चे. कोणीतरी ५८ हा आकडा वाचला, त्याच्याआधी १९ लावले आणि पुस्तक पंचवीस वर्षांनी म्हातारे झाले. एवढ्यावर भागले असते तर मी हे लिहिलेही नसते. केंद्रात आधी मान्य झालेल्या एका प्रबंधाच्या संदर्भसूचीत तेच १९५८ उतरलेले मला सापडले. ज्या पुस्तकात १९७३ च्या तेलसंकटावर एक अख्खे प्रकरण आहे, ते पुस्तक १९५८ चे! विद्यार्थ्याने ते वाचले नव्हते हे उघड आहे. पण मार्गदर्शकाने, परीक्षकांनी आणि तत्कालीन संचालकांनीही ते कधी उघडले नव्हते, आणि सर्वांच्या सह्या मात्र होत्या. ग्रंथालयातल्या त्या लिपिकाला मी दोष देत नाही. त्याला ती लिपी येणे अपेक्षितच नव्हते. ज्याला येणे अपेक्षित होते, त्याच्या नेमणुकीच्या जाहिरातीत कदाचित ‘असल्यास प्राधान्य’ असेच छापले असावे.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो क्षुल्लक नाही. ‘संचालकाने दिशा द्यावी, भाषा शिकवायला शिक्षक आहेत, इंग्रजीत जपानवर भरपूर लिहिलेले आहे, त्यावर उत्तम संशोधन होऊ शकते.’ इंग्रजीतून जपानवर चांगले काम करणारे लोक मी पाहिले आहेत. राज्यशास्त्रात आणि अर्थशास्त्रात ते काही प्रमाणात शक्यही असते. पण केंद्राचा प्रमुख जर दुसऱ्याने निवडून, भाषांतरित करून, प्रसिद्ध केलेलेच वाचू शकत असेल, तर त्या केंद्राचे प्रश्नही दुसऱ्यानेच ठरवलेले असतात. या उलटचे उदाहरण आपल्या दाराशी आहे. हिरोशी फुकाझावा आणि हिरोयुकी कोतानी हे जपानी इतिहासकार मराठी शिकले आणि मराठी कागदपत्रे वाचून त्यांनी दख्खनच्या गावगाड्यावर, वतनांवर, जातिव्यवस्थेवर आणि राज्यसत्तेवर लिहिले. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला आज त्यांचे काम टाळून पुढे जाता येत नाही. पाटलाचा मान, बलुतेदाराचा हक्क, गोतसभेचा निवाडा, हे शब्द त्यांनी इंग्रजी ग्रंथांतून उचलले नाहीत, कागदांतून घेतले. जपानी गावाच्या दप्तराशी असा व्यवहार करणारा एक मराठी इतिहासकार आपण तयार करू शकलो आहोत का, हा प्रश्न मी सात वर्षे स्वतःला विचारत होते आणि त्याचे उत्तर देताना मला माझीच लाज वाटत असे.

दुसरी गोष्ट पूर्ण वेळेची. मसुद्यात हे पद ‘अन्य विभागाच्या प्राध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपवता येईल’ अशी सोय ठेवली आहे. अतिरिक्त कार्यभाराचा संचालक केंद्रात बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी चारनंतर येतो, हे विद्यापीठात वावरलेल्या कोणालाही सांगावे लागू नये. जपानशी चालणाऱ्या कामाची घडण मात्र अशी आहे की त्याला रोजचा माणूस लागतो. एकच उदाहरण देते. जपानमधील शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. आपल्या उन्हाळी परीक्षा त्याच सुमारास असतात. एखाद्या मुलीला तेथे एका सत्रासाठी जाण्याची संधी मिळाली, तर ती मार्चअखेर निघणार आणि येथले तिचे सत्र बुडणार. तेथे मिळवलेली श्रेयांके येथे कशी धरायची, परीक्षा कधी द्यायची, शुल्क कुठे भरायचे, हे विद्या परिषदेकडून आगाऊ मंजूर करून घेतले नसेल तर परत आल्यावर ती मुलगी परीक्षा विभागाच्या खिडकीपाशी उभी राहते. माझ्या केंद्रातली पहिली मुलगी अशी सहा महिने उभी होती. दुसऱ्या वर्षी कोणी अर्जच केला नाही, आणि मग ‘विद्यार्थ्यांत उत्साह नाही’ असा शेरा वार्षिक अहवालात गेला.

करारांचेही तसेच. कुलगुरूंच्या दालनात शाल, श्रीफळ, संत्राबर्फी आणि छायाचित्र झाले की आपल्याकडे करार पूर्ण होतो. जपानी बाजूने तो तेथून सुरू होतो. त्यांचे पत्र येते, त्यात बारीकसारीक विचारणा असतात, वसतिगृहाच्या खोलीत पाण्याची सोय काय येथपासून. आमच्या एका पत्राला त्यांच्याकडून ‘केंतो शिमासु’, म्हणजे ‘आम्ही विचार करू’, असे उत्तर आले, तेव्हा आमच्या कुलसचिव कार्यालयाने ते होकार समजून पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद केली. जपानी औपचारिक व्यवहारात हे वाक्य बहुधा सौम्य नकार असते. नागपुरात एखाद्याने ‘पाहू ना भाऊ’ म्हटले की काय समजायचे ते आपल्याला बरोबर कळते. तेच कळणारा माणूस जपानीसाठीही हवा. भाषांतराचे अ‍ॅप शब्द देते, सूर देत नाही.

शिक्षकांविषयी थोडक्यात. तासिका तत्त्वावर, दर सत्राला नव्याने नेमणूक होणारा, मानधन तीन महिन्यांनी मिळणारा जपानीचा शिक्षक केंद्रात टिकत नाही. ज्याने जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेची एन-टू, म्हणजे वरून दुसरी, पातळी पार केली आहे त्याला पुण्यातल्या किंवा बंगळुरूच्या कंपनीत त्याच्या कित्येक पट पगार मिळतो, आणि तो गेला तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. निदान दोन मंजूर, पूर्णवेळ पदांशिवाय केंद्र उघडू नये. पाटी लावायला घाई करू नये.

आता मला ज्याविषयी सर्वांत अधिक बोलायचे आहे त्याकडे येते. नागपूरला जपान केंद्र का हवे? पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी कित्येक दशके शिकवली जाते. दिल्ली विद्यापीठ, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि शांतिनिकेतन यांची परंपराही जुनी आहे. त्यांची नक्कल करायची असेल तर नवे केंद्र कशाला? मसुद्याच्या प्रस्तावनेत ‘मिहानमधील गुंतवणुकीच्या संधी’ आहेत, ‘बुलेट ट्रेन’ आहे, ‘जपानी कार्यसंस्कृती’ आहे. इंदोरा नाही, कामठी नाही, रामटेक नाही, सेवाग्राम नाही. हे वाचून मला नवल वाटले, कारण जपानशी इतका जिवंत आणि इतका न अभ्यासलेला संबंध असलेले दुसरे शहर मला भारतात चटकन आठवत नाही.

भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई जपानहून आले आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून इंदोरा हे त्यांचे घर झाले. दीक्षाभूमीच्या स्मारक समितीपासून १९९२ पासूनच्या बोधगयेतील महाबोधी महाविहाराच्या आंदोलनापर्यंत त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. कामठीचे ड्रॅगन पॅलेस टेम्पल १९९९ मध्ये नोरिको ओगावा या जपानी उपासिकेच्या दानातून उभे राहिले, आणि आज सुटीच्या दिवशी अर्धे नागपूर तेथे मुलांना घेऊन जाते. या घडामोडींविषयी जपानीत बरेच लिहिले गेले आहे. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे जपानी भाषांतरही झाले आहे. जपानी वाचकाला नागपूर कसे दिसते हे त्या लिखाणात आहे, आणि आपल्याकडे ते वाचणारा मनुष्य नाही. उलट बाजूने, उत्तर नागपुरातल्या ज्या वस्त्यांनी एका परदेशी भिक्खूला आपले मानले, त्या वस्त्यांतली सत्तरी-ऐंशीची माणसे अजून बोलू शकतात. ध्वनिमुद्रक घेऊन कोणी तरी आज जायला हवे. हे काम पाच वर्षांनी करू म्हटले तर होणार नाही.

रामटेकजवळच्या मनसरचा प्रश्न तर अभ्यासकाला आमंत्रणच आहे. महायानाचे आचार्य नागार्जुन यांचा संबंध परंपरेने या परिसराशी जोडला जातो. जपानमध्ये त्यांना ‘र्‍यूजू’ म्हणतात आणि आठ पंथांचे आद्य आचार्य मानतात. मनसरच्या उत्खननात निघालेले अवशेष बौद्ध की वाकाटकांच्या राजधानीचे आणि शैव मंदिराचे, यावर विद्वानांत वाद आहे. त्या वादात जपानी श्रद्धेचा आणि जपानी मदतीचा भाग काय, हे तटस्थपणे मांडायचे तर पाली, संस्कृत आणि जपानी अशा तिन्ही दिशांनी माणसे लागतील. पाली-प्राकृताचे अध्यापन या शहरात आहे, संस्कृतचे विद्यापीठ रामटेकला आहे. नाही ते जपानी. २०१५ मध्ये वाकायामा प्रांतातील कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेही आपल्याच शहरातून गेलेल्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते. कोयासान हे शिंगोन पंथाचे पीठ. तेथे संस्कृत बीजाक्षरे सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीत आजही लिहिली जातात. पुतळा उभा राहिला, पण त्यापुढे तेथे जाऊन ती अक्षरे वाचायला आपण किती विद्यार्थी पाठवले?

सेवाग्राम तर पंचाहत्तर किलोमीटरवर. निप्पोनझान म्योहोजी या जपानी बौद्ध पंथाचे फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले, आणि आश्रमाच्या प्रार्थनेत ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हा त्यांचा मंत्र तेव्हापासून ऐकू येऊ लागले. वर्ध्याचा विश्वशांती स्तूप पाहायला आपण सहली नेतो. पण माझ्या दृष्टीने त्याहून मोलाचा ऐवज म्हणजे गांधीजींनी १८ जुलै १९४२ रोजी सेवाग्रामहून ‘प्रत्येक जपान्यास’ उद्देशून लिहिलेले खुले पत्र. त्यात आश्रमात राहिलेल्या जपानी साधूविषयी अपार माया आहे, आणि त्याच पत्रात, तुमच्याविषयी माझ्या मनात आकस नाही तरी चीनवरील तुमचे आक्रमण मला मुळीच मान्य नाही, असे रोखठोक बजावले आहे. जपान अभ्यास केंद्राच्या संचालकाने हा तोल कोठून शिकावा असे मला कोणी विचारले, तर मी त्याला ते पत्र वाचायला सांगेन.

हा तोल कठीण जातो, कारण केंद्राला पैसा बहुधा जपानी संस्थांकडूनच येतो. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या जपान फाउंडेशनने जगभरच्या केंद्रांना पुस्तके, अध्यापक आणि शिष्यवृत्त्या दिल्या आहेत. मीही त्या घेतल्या, आणि माझ्या अनुभवात त्यांनी कधी अभ्यासक्रमात हात घातला नाही. संकोच आपल्याच बाजूने असतो. वाणिज्यदूत येणार म्हणून एका वर्षी आमच्याच व्यवस्थापनाने जपानी सैन्याने चीनमधील नानजिंगमध्ये १९३७ मध्ये केलेल्या हत्याकांडावरचे व्याख्यान ‘पुढे ढकलू या’ असे सुचवले, आणि मी, आज सांगायला संकोच वाटतो, ते पुढे ढकलले. कोरियावरील जपानची १९१० ते १९४५ ची सत्ता, सक्तीची मजुरी, युद्धगुन्हे, हे शिकवले नाही तर केंद्र हे दूतावासाचे प्रसिद्धिपत्रक होते. स्वागतसमारंभात, महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या तोक्यो खटल्यातील भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचे नाव हमखास निघते आणि टाळ्या पडतात. त्यांनी भिन्नमतपत्रात आरोपींना दोषमुक्त ठरवले हे सगळ्यांना ठाऊक असते. अत्याचार झाल्याचे पुरावे त्यांनी नाकारले नव्हते, हे भाषण करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. संचालकाला हे ठाऊक असावे, आणि ते सौजन्याने पण स्पष्ट सांगण्याची हिंमतही असावी.

आणि नागपूरने जपानला विचारावा असा एक प्रश्न आहे, जो दिल्लीच्या कोणत्याही चर्चासत्रात मी इतक्या थेट शब्दांत ऐकला नाही. काही वर्षांपूर्वी येथल्या एका महाविद्यालयात मी जपानी समाजावर बोलत असताना बुराकु समाजाचा उल्लेख केला. कातडी कमावणे, मृत जनावरे ओढणे अशा कामांमुळे विटाळ मानले गेलेले, वेगळ्या वस्त्यांत ठेवलेले लोक. १८७१ मध्ये मेइजी सरकारने त्यांच्यावरचे कायदेशीर बंधन उठवले, तरी पुढच्याच वर्षीच्या कुटुंबनोंदणीत पुष्कळ ठिकाणी त्यांच्या नावापुढे ‘नवे सामान्यजन’ असे लिहिले गेले, म्हणजे जुना डाग नव्या शाईने. ती जुनी दप्तरे लोकांना पाहण्यासाठी बंद व्हायला १९६८ उजाडले. मी हे सांगत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, ‘मॅडम, पण तो तर बुद्धाचा देश आहे ना?’ वर्गात कोणी हलले नाही. मी त्याला उत्तर दिले की मंदिरांनीसुद्धा त्यांच्या मृतांना हीनत्व दाखवणारी मरणोत्तर नावे दिली आणि ती थडग्यांवर कोरली, आणि बौद्ध पंथांना त्याची कबुली द्यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध यावा लागला. तो मुलगा खाली बसला. मला मात्र त्या दिवशी वाटले की जपान अभ्यास केंद्र कोठे असायला हवे याचे उत्तर मिळाले.

३ मार्च १९२२ रोजी क्योतोत ‘सुइहेइशा’ ही बुराकु समाजाची संघटना स्थापन झाली. काळ्या पार्श्वभूमीवर रक्तासारख्या लाल रंगातला काटेरी मुकुट हे तिचे निशाण. तिच्या जाहीरनाम्यात, ज्या शब्दाने शतकानुशतके हिणवले गेले तोच ‘एता’ हा शब्द अभिमानाने उच्चारला आहे. त्या आधी दोनच वर्षे, १९२० च्या मे महिन्यात, शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद भरली होती. दोन्ही चळवळींना तेव्हा एकमेकींचा पत्ता असेल-नसेल, पण दोन्हींची भाषा शेजारी ठेवून वाचली तर अंगावर काटा येतो. मूळ जपानीवरून केलेले त्या जाहीरनाम्याचे मराठी भाषांतर माझ्या वाचनात आलेले नाही. ते नागपुरात व्हावे. ‘एता’ हा शब्द ज्या दोन चिन्हांनी लिहीत, त्यांचा अर्थ ‘फार मळ’ असा होतो. इंग्रजी भाषांतरकार तेथे अडखळतात. अस्पृश्य, बहिष्कृत, दलित या तीन शब्दांमध्ये काय अंतर आहे हे ज्या भाषेने लढून शिकून घेतले आहे, त्या भाषेचा भाषांतरकार तेथे वेगळ्या कारणाने अडखळेल, आणि ते अडखळणे जपानी अभ्यासकांनाही काही शिकवून जाईल.

नोकरीचा विषय टाळून हे पत्र प्रामाणिक होणार नाही. पालक पहिल्या भेटीत ‘हे करून पुढे काय?’ असेच विचारतात आणि त्यांनी ते विचारावेच. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या परस्पर देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला, त्यात भारतातून ५० हजार कुशल व्यक्ती जपानला जाण्याचे उद्दिष्ट आहे. गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या मुलामुलींना त्यातून वाट मिळत असेल तर विद्यापीठाने सायंकाळचे वर्ग जरूर काढावेत आणि नीट चालवावेत. वृद्धसेवेच्या कामासाठी जाणाऱ्या मुलीला करारपत्रातले कलम वाचता येणे, पगारातून काय कापले जाईल ते समजणे, त्रास झाला तर कोणाला फोन करायचा ते ठाऊक असणे, हे शिकवणारा वर्ग गल्लीतल्या क्लासपेक्षा विद्यापीठाने काढलेला बरा. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते, त्यामुळे प्रमाणपत्र हातात असलेली मुले विमानतळावर मुकी होतात, हेही मी पाहिले आहे. माझे म्हणणे एवढेच की या वर्गांचा व्याप हाच केंद्राचा व्याप होऊ नये. वर्गाची फी येते, संशोधनाची येत नाही, म्हणून वित्त विभागाला पहिले खाते गोड लागते आणि तीन वर्षांत केंद्राचा क्लास होतो.

याच मुलांसाठी संचालकाने हाती घ्यावे असे एक काम आहे, आणि ते मराठी व जपानी दोन्ही येणाऱ्यालाच जमेल. आपल्याकडे जपानी शिकवतात ती बहुतेक इंग्रजी स्पष्टीकरणाच्या पुस्तकांतून. मराठी माध्यमातून आलेला मुलगा आधी इंग्रजीशी झगडतो आणि मग जपानीशी, आणि त्याला वाटते जपानीच अवघड आहे. प्रत्यक्षात वाक्यरचना त्याच्या तोंडात बसलेली असते. ‘राम पुस्तक वाचतो’ याची जपानी रचना त्याच क्रमाने चालते, क्रियापद शेवटी. चा-ची-चे, ला, त, हून यांच्यासारखे शब्दामागून येणारे अव्यय तेथेही आहेत. ‘हात धुऊन, जेवून, झोपला’ ही आपली साखळी जपानीतही आहे. वर्णमाला फळ्यावर लिहून पाहावी : अ, इ, उ, ए, ओ, आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मुलांना विचारावे, हा क्रम ओळखीचा वाटतो का? क, त, न, म, य, र, व हे जागच्या जागी सापडतात. मग सांगावे की ‘सा’ उभा आहे तेथे आपला चवर्ग आहे, आणि ‘हा’चा उच्चार प्राचीन काळी ‘पा’ होता, म्हणून तो पवर्गाच्या जागी आहे. बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या संस्कृत वर्णक्रमावर जपानी अक्षरांची ही मांडणी बेतलेली आहे. ज्या मुलाला पाच मिनिटांपूर्वी जपानी ही परग्रहावरची भाषा वाटत होती, तो आता पहिलीतली बाराखडी आठवून हसत असतो. हे इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही, कारण त्या वाचकाला त्याचा उपयोग नाही. असे मराठी पाठ्यपुस्तक तयार करायला दोन वर्षे आणि दोन चांगली माणसे पुरतील.

म्हणून माझी विनंती अशी आहे की मसुद्यातील ती ओळ बदलावी. ‘मूळ जपानी साधनांवरून केलेले प्रकाशित संशोधन आवश्यक’ असे तेथे लिहावे. अतिरिक्त कार्यभाराची सोय काढून टाकावी. असा उमेदवार पहिल्या जाहिरातीला मिळाला नाही, तर जागा वर्षभर रिकामी ठेवावी. चुकीच्या माणसाने भरलेली जागा पुढची पंधरा वर्षे भरलेलीच राहते. मराठी येत असेल तर त्याला मात्र खुशाल ‘प्राधान्य’ द्यावे, तो शब्द तेथे शोभेल.

मुलाखतीच्या दिवशी आपण दूरदृष्टी, पंचवार्षिक योजना आणि उद्योगजगताशी समन्वय यांविषयी विचारालच. त्याआधी टेबलावर उभ्या ओळींत छापलेले एखादे जपानी पुस्तक ठेवावे आणि उमेदवाराला त्याचे प्रकाशनवर्ष इसवी सनात सांगायला सांगावे. तो ते कोणत्या बाजूने उघडतो, एवढे पाहिले तरी पुरे. असे पुस्तक आपल्याकडे नसेल तर मी घरून आणून देईन. फक्त ते परत मिळावे, आणि त्यावर शिक्का मारू नये.

आपली विश्वासू,
जपानीची एक निवृत्त अध्यापिका,
धरमपेठ, नागपूर